साम्राज्याचा खेळ आणि सुरगाण्याच्या मुली

मुलींच्या शिबिरात कॉम्प्युटरवरचा साम्राज्य उभारण्याचा खेळ ठेवावा असं मी सुचवलं, तेव्हा आमच्या गटातल्या दोघी-तिघींनी तोंड वाकडं केलं. त्यांचे आक्षेप इथे जसेच्या तसे मांडते, कारण ते फालतू नाहीत. एक, सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यात, जिथे पावसाळ्यात डोंगर वाहून जाईल एवढा पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायांना हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरावं लागतं, तिथे असला खेळ म्हणजे चैन. दोन, खेळ लढाईचा आहे. आणि तीन, हा सगळ्यात वजनदार, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी साम्राज्यांचा मार खाल्ला, त्यांच्याच मुलींना आपण साम्राज्य उभारायला शिकवायचं की काय?

तिन्ही आक्षेप मान्य करूनही माझं म्हणणं असं की हा खेळ आपल्या मुलींनी खेळलाच पाहिजे. नुसता बघितला पाहिजे, त्यावर गटचर्चा केली पाहिजे, एवढंच नव्हे. माउस हातात घेऊन, जिंकण्याइतका चांगला खेळला पाहिजे.

तालुक्याच्या गावी मुलींच्या वाट्याला कॉम्प्युटर येतो तो कशासाठी, ते एकदा पाहून या. टायपिंग, प्रमाणपत्र, दुसऱ्यांचे फॉर्म भरणं. संध्याकाळी क्लास सुटला की त्याच मशीनवर मुलं बसतात आणि राज्यं जिंकतात. मुलगी अर्ज टाइप करते, मुलगा डावपेच आखतो. ही श्रमविभागणी आपल्याला चुलीपाशी दिसते, बांधावर दिसते, मजुरीच्या दरात दिसते. मग कॉम्प्युटरसमोर आपले डोळे का मिटतात? 'मुलींना कॉम्प्युटर शिकवला' असा अहवाल लिहून आपण मोकळ्या होतो, हे मला खटकतं.

आता खेळाविषयी. या जातीचा सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर आणि ब्रूस शेली या दोन अमेरिकनांनी तो तयार केला, १९९१ साली तो बाजारात आला, आणि २०२५ मध्ये त्याची सातवी आवृत्ती निघाली. वाघ-बकरी किंवा बुद्धिबळासारखी यात पाळीपाळीने चाल करायची असते. तुम्ही तुमच्या सगळ्या सोंगट्या हलवता, 'चाल संपली' म्हणता, मग बाकीचे राजे हलतात. घाई कुणालाच नसते. इसवी सनाच्या चार हजार वर्षं आधीपासून सुरुवात करून अवकाशयानापर्यंत पोचायचं. या खेळांना इंग्रजीत चार क्रियापदांवरून एक नाव पडलं आहे. अ‍ॅलन एमरिच नावाच्या लेखकाने १९९३ मध्ये एका खेळाची ओळख करून देताना ते वापरलं. आपल्या भाषेत ती चार क्रियापदं अशी होतील: हुडका, पसरा, उपसा, संपवा. बघा, लपवाछपवी काहीच नाही! गॅझेटियर लिहिणारे साहेबसुद्धा इतके मोकळेपणाने बोलत नसत.

विकत घ्यायचं कारण नाही. डेन्मार्कमधल्या आऱ्हुस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये 'फ्रीसिव' नावाचा याच धर्तीचा खेळ केला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. तो फुकट मिळतो, जुन्या मशीनवर चालतो, एकदा उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही. सुरगाण्यात हे महत्त्वाचं, कारण कितीतरी पाड्यांवर रेंज शोधायला टेकाडावर चढावं लागतं. मी पुढे जे सांगते आहे ते फ्रीसिव धरून.

डाव सुरू होतो तेव्हा पडदा जवळजवळ सगळा काळा असतो. मधोमध थोडा हिरवा-पिवळा तुकडा, त्यावर तुमची माणसं: दोन वसाहतकार, काही कामगार, एक शोधक. नवख्या मुली इथेच अडतात. चांगली जागा मिळावी म्हणून वसाहतकारांना दहा-दहा चाली फिरवत बसतात. फिरवू नका. पहिल्या एक-दोन चालींतच शहर वसवा. नदीकाठी असेल तर उत्तम, टेकडीवर असेल तर बचावाला बरं. दुसऱ्या वसाहतकाराला तीन-चार घरं लांब नेऊन दुसरं शहर वसवा. शहराला आधी एक योद्धा तयार करायला सांगा, मग वसाहतकार, मग पुन्हा वसाहतकार. कामगारांना रस्ते आणि पाटाच्या कामाला लावा. शोधकाला काळ्यात घुसवा. जिथे तो जातो तिथला नकाशा उजळतो.

उजळत जाणाऱ्या या नकाशावर अधूनमधून झोपड्यांचं चित्र दिसतं. हे गाव. कुणाचं ते खेळ सांगत नाही. नवख्याला मिळणारा पहिला सल्ला असा की दिसेल त्या गावात शिरा, कारण आत बक्षीस असतं. कधी सोनं मिळतं, कधी एखादी नवी विद्या, कधी भाडोत्री सैनिक तुमच्या बाजूला येतात. कधी मात्र आतून रानटी टोळी निघते आणि तुमच्या शोधकाला मारते. काहीही निघो, गाव नाहीसं होतं. तुमची सोंगटी तिथे उभी, आणि खाली नुसतं गवत.

हा खेळ शहरातल्या मुलांना खेळताना मी पाहिला आहे. गावात शिरून पंचवीस मोहरा मिळाल्या की ती पुढे जातात. सुरगाण्याच्या एका पाड्यावरची मुलगी थांबली. "ताई, यातली माणसं कुठं गेली?" एवढंच तिनं विचारलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं, खेळाकडेही नाही. पण इतिहासाकडे आहे, आणि ते आपण सांगायला हवं.

गाव असं नाहीसं करायला सैन्यच लागतं असं नाही. १९२७ चा भारतीय वन कायदा काढून वाचा. रान राखीव करायचं तर आधी सूचना लावायची, किमान तीन महिन्यांची मुदत द्यायची, आणि त्या मुदतीत ज्यानं आपला हक्क सांगितला नाही त्याचा हक्क, मोजके अपवाद सोडले तर, संपला. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने झाडावर चिकटवलेली सूचना वाचायची! सूचना वाचली गेली नाही म्हणून रानात माणूस नाही, आणि माणूस नाही म्हणून रान सरकारचं. शेजारच्या डांगातली सागाची जंगलं इंग्रजांनी १८४० च्या दशकातच भिल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली होती. आमच्या या भागात तेव्हा देशमुखांचं छोटं संस्थान होतं, ते १९४८ मध्ये विलीन झालं. राजा गेला, पण फॉरेस्टचा गार्ड राहिला. नाचणी-वरईचं शेत कसणारी कोकणा किंवा वारली बाई स्वतःच्याच शेतात 'अतिक्रमणदार' ठरली. खेळाच्या भाषेत ती म्हणजे झोपडीचं चित्र, किंवा मग रानटी टोळी. तिसरं नाव तिच्यासाठी नाहीच.

हे फक्त आपल्यालाच दिसतं असं नाही. २०१८ च्या जानेवारीत 'सिव्हिलायझेशन'च्या सहाव्या आवृत्तीत कॅनडाच्या क्री लोकांचा एकोणिसाव्या शतकातला नेता पाउंडमेकर याला एक सम्राट म्हणून घातल्याचं जाहीर झालं. त्याच्याच समाजाचे एक प्रमुख मिल्टन टूटूसिस यांनी उघड नाराजी व्यक्त केली. आमच्या लोकांनाही दुसऱ्यांची जमीन जिंकायची हाव होती असं या खेळातून सांगितलं जातं, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे झोपडीच्या चित्रातून बढती मिळाली तरी ती सम्राट होण्याच्या अटीवर. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, ६ तारखेला नाशिकहून निघून १२ तारखेला मुंबईच्या आझाद मैदानावर पोचलेल्या किसान लाँग मार्चमध्ये आमच्या सुरगाण्याच्या बाया होत्या. सुमारे १८० किलोमीटर. फुटलेल्या टाचांचे फोटो तुम्ही पाहिले आहेत. मागणी काय होती? कसत असलेली वनजमीन आमच्या नावावर करा. काळ्या नकाशावर आम्ही आधीपासून आहोत, एवढंच.

असो. शहराकडे वळू.

शहरावर टिचकी मारली की आतला हिशेब उघडतो. धान्य, उत्पादन, व्यापार. दर माणशी दोन वाटे धान्य खाल्लं जातं, उरेल ते कणगीत साठतं. कणगी भरली की लोकसंख्या एकाने वाढते. मुलींना हे समजावताना मला हसू येतं आणि रागही येतो. माणूस कणगीतून निघतो! बाळंतपण नाही, अंगावरचं दूध नाही, आजारी पोराला झोळीत घालून डोंगर उतरणं नाही. शहराने वसाहतकार तयार केला की लोकसंख्या एकाने घटते, आणि तो तरणाताठा माणूस चालू लागतो. त्याला मोठं कुणी केलं? शेतावर काम करणारं माणूस दिसतं, रस्ता करणारा कामगार दिसतो, देवळं-बाजार-कोठारं दिसतात. दळण, पाणी, सरपण कुठेच नाही. शहर नदीकाठी असलं की झालं, पाणी आपोआप घरात येतं.

कुणी म्हणेल, खेळच तो, त्यात सगळं कसं येणार? पण मैत्रिणींनो, काय गाळायचं हे कुणीतरी ठरवतं. ज्यांनी घोड्याच्या नालेपासून अणुभट्टीपर्यंत सगळं घातलं त्यांना चूल घालायला जागा नव्हती असं नाही, ती त्यांच्या हिशेबात आलीच नाही. आणि आपल्या देशाचा हिशेब वेगळा आहे का? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्या बिनपगारी कामात दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषाची ९७. हे आकडे सरकारनेच छापले. राष्ट्रीय उत्पन्नात मात्र त्यांची किंमत शून्य. म्हणून मी म्हणते की मुलींना कणगीचा हिशेब शिकवा. एका संध्याकाळी खेळातलं शहर उघडून ठेवा आणि शेजारी वहीत आपल्या पाड्याचं शहर मांडायला सांगा. कोण काय खातं, कोण काय आणतं, द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे कोण जातं, मागे कोण राहतं. अर्थशास्त्राचा इतका चांगला तास मी दुसरा पाहिला नाही.

पुढची पायरी राज्यपद्धतीची. सुरुवातीला हुकूमशाही असते, तीत उत्पादन कमी. वर्णमाला, कायदेसंहिता आणि दफनविधी या विद्या मिळवल्या की राजेशाही आणता येते, ती नवख्याला सोयीची. का सोयीची? लोक नाराज झाले की शहरात एक सैन्याची तुकडी बसवायची, नाराजी थांबते. पुढे लोकशाही आली की तसं चालत नाही, उलट सैन्य बाहेर लढायला पाठवलं की लोक कुरकुरतात. त्यावर खेळाकडे एक उपाय आहे. मोठ्या खर्चाची 'आश्चर्यं' बांधता येतात, पिरॅमिड वगैरे. त्यातल्या एका आश्चर्याचं नाव आहे 'स्त्रियांचा मताधिकार'.

आपण आनंदाने उडी मारणार, तोच त्याचा उपयोग वाचा. औद्योगिकीकरणाची विद्या मिळाली की हे आश्चर्य एखाद्या शहरात बांधायचं, म्हणजे तुमच्या प्रत्येक शहरात पोलीस चौकी बसवल्याचा परिणाम होतो. बाहेर लढणाऱ्या सैन्यामुळे होणारी कुरकुर कमी होते. बस! बायकांना मत दिलं की युद्ध सुरळीत चालतं. हे आश्चर्य पहिल्या 'सिव्हिलायझेशन'पासून आहे आणि फ्रीसिवमध्येही आहे. हे वाचून आमच्या गटातल्या एकीने मशीन बंद करायला हात पुढे केला होता. मी तिचा हात धरला. कारण यात सत्याचा अंश आहे, आणि तो आपल्यालाच बोचणारा आहे. ग्रामपंचायतीत अर्ध्या जागा बायांना मिळाल्यावर किती ठिकाणी त्यांच्या सहीचा उपयोग कुरकुर थांबवण्यासाठी झाला? 'सरपंच बाई आहे, आता काय तक्रार?' हे वाक्य तुम्ही ऐकलं नाही का?

(पोरांमध्ये या खेळाविषयी एक दंतकथा फार चालते, की त्यातले गांधीजी हिशेबातल्या चुकीमुळे अणुबॉम्ब टाकत सुटायचे. मायर यांनी २०२० च्या आत्मचरित्रात ती खोटी असल्याचं लिहिलं आहे. गांधीजींच्या बॉम्बवर पोरं तासन्‌तास वाद घालतात. मताधिकाराच्या चौकीवर वाद घालणारा मला अजून भेटायचा आहे.)

तर मग इतकं सगळं वाईट असताना खेळायचा कशाला? कारण टेबलाच्या पलीकडे बसणारी माणसं असाच हिशेब करतात. धरणाचा प्रस्ताव करणारा नकाशा पाहतो तेव्हा त्याला नार-पारचं समुद्राकडे 'वाया' जाणारं पाणी दिसतं, पाडे दिसत नाहीत. किती चालींनी काय हाती येईल हे तो मोजतो. पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पाला दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी २०२२ मध्ये अडवलं ते नुसत्या त्वेषाने नव्हे. कोणत्या धरणाखाली कोणतं गाव जातं हे त्यांनी आधी ओळखलं, निवडणुकीचं वर्ष ओळखलं. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी 'सोयी देत नसाल तर आम्हाला गुजरातेत जाऊ द्या' अशी मागणी केली आणि मुंबईपर्यंत धावपळ झाली. पुढे ती मागे पडली, तिच्या बऱ्या-वाइटावर आपल्यात मतभेद आहेत. पण चाल म्हणून ती पाहा. सीमेवरचं गाव दुसऱ्याच्या रंगात जाऊ शकतं या भीतीने राजा जागा होतो, हे हा खेळ खेळणारी कुठलीही मुलगी तुम्हाला सांगेल.

डावपेच ही साम्राज्याची मिरासदारी नाही. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी गवत कापणीच्या ऐन हंगामात संप केला. हंगाम निवडणं हीच चाल होती, आणि ती लढाई उभी करणाऱ्यांत गोदावरी परुळेकर ही बाई पुढे होती. आज आपल्या संघटनांकडे पाहा. मोर्चात निम्म्याहून जास्त बाया. भाकरी बांधून आणणाऱ्या बाया, घोषणा देणाऱ्या बाया. पण मोर्चा कोणत्या तारखेला काढायचा, कुठे थांबवायचा, लेखी आश्वासनावर मागे फिरायचं की नाही, हे ठरवणाऱ्या खोलीत किती? २०१८ नंतर २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये पुन्हा चालावं लागलं. पुढची चाल ठरवताना चालून आलेल्या बायांना कुणी विचारलं?

वनहक्क कायदा २००६ चा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली चार हेक्टरपर्यंतची जमीन, आणि लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. वनहक्क समितीत एक तृतीयांश स्त्रिया. ही आपल्या हाती असलेली सोंगटी आहे. ती कधी, कुठल्या ग्रामसभेत, कुणाला सोबत घेऊन पुढे सरकवायची याचा विचार करायला सवय लागते. दहा चाली पुढचं बघायची सवय. ती मुलांना खेळता-खेळता लागते आणि मुलींना कुणी लागू देत नाही.

वेळेचा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. पाळीपाळीचा खेळ एका अर्थी बायकांसाठीच केल्यासारखा आहे. मध्येच उठून भाकऱ्या टाकून या, मशीन थांबून राहतं. पण एका डावाला कित्येक तास लागतात, आणि दर अर्ध्या तासाला उठणारीचा विचार तुटतो. मुलाला उठावं लागत नाही. म्हणून शिबिरात मुलींचे तास वेगळे आणि सलग हवेत, आणि त्या तासांत स्वयंपाक दुसऱ्यांनी करायचा. पुरुष कार्यकर्त्यांनी केला तर फारच बरं. एका मशीनवर तिघी बसवा: एक चाल करेल, एक नकाशा वहीत उतरवेल, एक 'का?' विचारेल. पहिल्या दिवशी पन्नास चाली पुरे.

आणि शेवटच्या दिवशी त्यांना नियमांच्या फायली उघडून दाखवा. फ्रीसिवचे नियम कुलुपात नाहीत, साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले आहेत. कोणत्या इमारतीला किती खर्च, कोणत्या आश्चर्याचा काय परिणाम, गावात शिरल्यावर काय होतं, सगळं तिथे आहे आणि बदलता येतं. टायपिंगच्या क्लासचा उपयोग इथे होतो. शब्द इंग्रजी आहेत, त्यासाठी सोबत बसावं लागेल. आमच्या मुलींनी सुचवलेला पहिला बदल असा, की गावात शिरायचं असेल तर आधी थांबून विचारायचं, आणि गाव नकाशावरून पुसलं जाता कामा नये. दुसऱ्या बदलावर भांडण चालू आहे. मताधिकाराचं आश्चर्य काढून टाकायचं, की त्याचा परिणाम उलटा करायचा, म्हणजे ते बांधलं की सैन्य बाहेर पाठवणं महाग पडेल? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. तुमच्या गटात खेळून पाहा आणि तुमचा नियम पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा.